उचललेलं वल्हं

काठ दिसला रे पोरा, वरी घे आता हात,
बुडाल्या रानाला अजून हायेत दात.

कमळूच्या आईचा, धोंडीबाईचा हा आवाज. कमळू लहान होता तेव्हा तो धरणाच्या पाण्यावरून यायचा. शेणवे गावाच्या वरल्या अंगाला त्यांची वाडी. धरण झालं तेव्हा रान तोडून नेलं, पण खुंट जागच्या जागी राहिले. काठाकाठानं पाण्याखाली दबा धरून बसले. वाडीची माणसं ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून जाळी टाकायला जात. जोरात काठाला आलं की खुंटानं ट्यूब फाडलीच म्हणून समजा. म्हणून काठ जवळ आला की वल्हं पाण्याबाहेर काढायचं आणि ट्यूब आपसूक, माहेरी आलेल्या लेकीसारखी, हळूहळू काठाला लागू द्यायची.

धोंडीबाई गेली, ओवी कमळूकडे राहिली. त्याचा मुलगा भगीरथ हिरड्याच्या झाडावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. पोर दिवसदिवस कुडाकडे तोंड करून पडून राही. एका सकाळी कमळूनं त्याला पाठुंगळी घेतलं, पाण्यावर नेलं, गमछ्यानं फळीला बांधलं आणि हातात वल्हं दिलं. जमिनीनं टाकलेलं लेकरू पाण्यानं पदरात घेतलं. दर खेपेला काठ आला की कमळू मागच्या ट्यूबवरून ओवी म्हणायचा. पुढं पुढं ओवी लागेनाशी झाली. काठ दिसला की पोराचा हात आपोआप वर यायचा.

शहापूरच्या एका शिबिरात कुण्या सरांनी भगीरथचे खांदे पाहिले आणि त्याला कयाकिंगला, होडीच्या शर्यतीला, नेलं. वर्षं गेली. आता तो परदेशात, अपंग पुरुषांच्या जागतिक शर्यतीत, थेट फायनलला पोचला होता. कमळू शेणव्याच्या नाक्यावर ज्याला त्याला सांगायचा, "सर मागून आले. त्याचा पहिला मास्तर मी."

शर्यतीच्या दुपारी सुनिलच्या दुकानात टीव्हीसमोर अख्खी वाडी दाटली होती.

"कमळूमामा, पुढं बसा. आज तुमचाच मान," सुनिल म्हणाला.

शेवग्याच्या शेंगेसारख्या निमुळत्या होड्या रांगेत उभ्या राहिल्या. अंतर इनमीन दोनशे मीटर. सुटल्या तशा बाया ओरडायला लागल्या. भगीरथ पाचवा होता, मग चौथा, मग तिसरा. त्याचे खांदे असे फिरत होते की कमळूला इथं बसून धाप लागली. शेवटाची लाल खुणांची रेघ जवळ आली, रेघेमागं हिरवा काठ दिसायला लागला.

आणि भगीरथनं वल्हं उचललं.

शर्यत अजून संपायची होती. डावीकडची होडी दोन हात मारून त्याच्या पुढं गेली आणि भगीरथची होडी शांतपणे, कुणाला न दुखवता, चौथी पोचली.

सुनिल म्हणाला, "येडा रे येडा. जिंकलो समजून हात वर केला."

कमळूला कळलं होतं. त्या वर आलेल्या हाताचं मनगट, कोपराचा बाक, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. तोंड उघडलं, पण खरं सांगवेना. पहिला मास्तर म्हणून मिरवलेलं तोंड ते. तो उठला आणि चपला न घालताच घरी गेला.

संध्याकाळी भगीरथचा फोन आला.

"दमलो रे बाबा शेवटाला."

"हां," कमळू म्हणाला.

दमला नव्हता. दोघांनाही ठाऊक होतं.

तो उचललेल्या वल्ह्याचा व्हिडिओ मग मोबाइलमोबाइलवर फिरला. खाली कुणीकुणी लिहायचं, पोरगा माजला. टोकावड्याच्या ढाब्यापासून शेणव्याच्या नाक्यापर्यंत तेच. "पोराला लय घाई झाली मामा," असं कुणी म्हटलं की कमळू मान खाली घाली. जाळी टाकायला जाणं त्यानं सोडलं. पाण्याकडं बघायचीच लाज वाटे. रोज मनात म्हणे, उद्या सांगतो. उद्या आला की बाजूच्या वाटेनं घरी जाई.

भगीरथ आला त्या दिवशी जीप सुनिलच्या दुकानाशीच थांबली. व्हीलचेअर उतरवली, माणसं जमली, चहा आला. कमळू गर्दीच्या मागं उभा राहिला.

सुनिलचा भाचा आदेश ग्लास पुढं करत म्हणाला, "दादा, आधी हातात तर घे. नायतर मिळाला समजून हात वर करशील."

हशा पिकला. वाडीतली म्हातारी अंबूबाई मात्र हसली नाही. तिनं भगीरथच्या जिंकण्यासाठी देवीला नारळ बोलला होता.

"एवढा कसला रे माज?" ती म्हणाली. "दोन हात मारायचे होते फकस्त."

भगीरथनं गर्दीच्या मागं बघितलं. बापाचा चेहरा बघितला. मग हसला.

"चुकलंच आजी. डोक्यात हवा गेली होती माझ्या."

ते हसू कमळूला काट्यासारखं रुतलं. पोरानं दुसऱ्याच्या चुकीचा भारा आपल्या डोक्यावर घेतला होता आणि वर मान ताठ ठेवली होती. कमळू माणसं सारत पुढं आला.

"बाबा, राहू दे," भगीरथ हळूच म्हणाला.

"नाय." कमळूचा आवाज फाटका निघाला. "अंबूबाई, पोर माजलं नाय. काठ दिसला म्हणून त्यानं वल्हं काढलं. मी तसंच शिकवलेलं. आपल्या खुंटाच्या पाण्यातली रीत ती, दुसरीकडं ती लागत नाय, एवढं सांगायला मात्र मला सुचलं नाय."

कमळू खाली बसला, व्हीलचेअरच्या चाकाला धरून, आणि लोकांकडं पाठ करून लेकाशी बोलला.

"टीव्हीत बघितलं तवाच मला कळलं होतं, भगीरथ. माझी लाज झाकायला मी तुला शिव्या खाऊ दिल्या."