बुजवलेल्या खिडक्या

आमच्या बाजारपेठेच्या टोकाला, पोस्टाच्या मागे, एक दगडी दुमजली इमारत आहे. लोक तिला कवटीघर म्हणायचे. दारावर कंपास आणि गवंड्याचा गुण्या कोरलेला, वरच्या मजल्याला एकही खिडकी नाही, आणि आत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नाही, फक्त आत कवट्या मांडून ठेवल्यात अशी कुजबुज. मग दुसरं काय नाव पडणार? खरं तर ती फ्रीमेसन मंडळींची लॉज, म्हणजे त्यांच्या गुप्त सभांची जागा. मेसन म्हणजे गवंडी; जुन्या काळच्या गवंड्यांच्या संघटनेवरून त्यांनी हे नाव घेतलं होतं, पण त्यांच्यातल्या एकानेही कधी थापी हातात धरली नव्हती.

माझे बाबा तिथले सभासद. ते दातांचे डॉक्टर. दुसरे घड्याळवाले काका. बाकी सगळे एकेक करून गेले, किंवा मुलांकडे राहायला गेले. दोघांत सभा भरत नाही, म्हणून हे दोघे महिन्यातून एकदा जायचे, झाडू मारायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि कुलूप लावून परत यायचे.

इमारत बांधली ती परक्या राज्यात, साहेबांनी साहेबांसाठी. कापसाचा एक व्यापारी, जकातीवरचा अधिकारी, पलटणीचा डॉक्टर असे लोक. गावातल्या माणसाला आत पाऊल टाकायचं तर हातात जेवणाचा ट्रे हवा, नाहीतर फरशी पुसायचं फडकं. पुढे गावातल्याच एका वकिलाने सभासद व्हायचा अर्ज केला. बरीच वर्षं त्याला टोलवलं, शेवटी घेतलं. त्या दिवशी दोन साहेबांनी राजीनामे दिले, पण बाकीचे त्याच्या पंगतीला बसून जेवले. बाबा ही हकिगत सांगताना त्या राजीनाम्यांचं नावही घ्यायचे नाहीत. जेवणाचंच सांगायचे. राज्य गेलं तेव्हा साहेबांनी चांदीची भांडी नेली. खुर्च्या हत्तीसारख्या जड, त्या इथेच राहिल्या.

आईला यातलं फारसं माहीत नव्हतं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. बायकांना लॉजमध्ये प्रवेश नव्हता आणि बाबांनी आतल्या गोष्टी न सांगण्याची शपथ घेतलेली. "तुझे बाबा तिकडे जाऊन बुद्धिबळ खेळत असणार," एवढंच ती मला म्हणायची.

त्या वर्षी मोठं वादळ झालं आणि मुलींच्या शाळेचं छप्पर उडालं. सुट्टी होती म्हणून कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण एक भिंत कलली, इमारतीला टाळं लागलं आणि मोठ्या परीक्षा तोंडावर आल्या. मुख्याध्यापिका बाई आईकडे आल्या. गावात एवढ्या मुली बसतील अशी एकच रिकामी जागा होती, पण तिचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटेना. आईनेच घेतलं.

जेवताना तिने विषय काढला. "अहो, तुमचा वरचा हॉल मुलींना द्या."

बाबांचा घास हातातच राहिला. "शक्य नाही. खालचा घ्या."

"खाली निम्म्यासुद्धा मावणार नाहीत."

"मी शपथ घेतलीय."

"मुलींना बसू न देण्याची?"

बाबा पान तसंच ठेवून उठले आणि तडक घड्याळवाल्या काकांकडे गेले. काका डोळ्याला भिंग लावून बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि भिंग न काढताच म्हणाले, "डॉक्टर, आपली शपथ खुणांची आणि शब्दांची. फरशीची नाही. चला, सामान आवरू."

दोघांनी तलवार, झेंडे, पट्टे असं सगळं पेटीत भरलं. मदतीला कुणाला बोलवायचं नाही, हे ठरलेलं. मग त्यांनी सगळ्यात मोठी खुर्ची उचलली आणि ती जिन्याच्या वळणावर घट्ट अडकली. बाबा वरच्या बाजूला, काका खालच्या. ना पुढे सरके, ना मागे. शेवटी काकांनी दारात येऊन हाक मारली आणि समोरच्या दुकानदाराने आमच्या घरी निरोप धाडला.

आई निघाली ती शाळेची भिंत बांधायला आलेल्या गवंडीदादाला सोबत घेऊनच. त्याने खुर्ची एका अंगावर कलती केली, पाय सोडवले आणि खाली उतरवली. काका घाम पुसत म्हणाले, "एवढ्या वर्षांत आमच्यात आलेला पहिला खरा गवंडी तूच रे बाबा!"

जिना मोकळा होताच आई मात्र थेट वर गेली होती. बाबा हॉलच्या मधोमध उभे होते, चोरी पकडल्यासारखे. खाली काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी, वर निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या काढलेलं छत. आई सगळीकडे फिरली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सुंदर आहे हो," ती म्हणाली. "पण उजेड नाही. मुलींना कागद दिसणार नाही."

गवंडीदादा भिंतीवर बोटांनी ठोकत होता. "बाई, इथे पोकळ वाजतंय. खिडक्या होत्या. कुणी डोकावू नये म्हणून बुजवल्या असतील."

"फोडता येतील?" आईने विचारलं, पण गवंडीदादाला नाही, बाबांना.

बाबांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली. मग बाबांनी कोट काढला, नीट घडी घालून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "पहिला घाव मला घालू दे."

घाव कसला, नुसता टवका उडाला आणि बाबांचं मनगट दुखावलं. पुढचं काम गवंडीदादाच्या माणसांनी केलं. संध्याकाळपर्यंत ओळीने खिडक्या मोकळ्या झाल्या. ऊन आत शिरलं, धुळीचे लोट तरंगू लागले आणि रस्त्यावरचे लोक माना वर करून बघत राहिले. एका म्हाताऱ्या बाईने खालून विचारलं, "काय डॉक्टर, कवट्या कुठायत?"

"तुमच्या तोंडात जेवढे दात, तेवढ्या!" बाबा ओरडले, आणि ती बोळकं उघडून खदाखदा हसली.

परीक्षा तिथेच झाल्या. नंतर वर्गही तिथेच भरू लागले. शाळेच्या छपराला पैसे मिळेनात, म्हणून आणखी एक वर्ष गेलं. दुपारच्या सुट्टीत बाबा मुलींना वकिलाची हकिगत सांगत. आता मात्र राजीनाम्यांसकट, कारण एका मुलीने खोदून खोदून विचारलं होतं, "मग सगळे खूश झाले का हो?"

शाळेचं छप्पर तयार झालं तेव्हा मुख्याध्यापिका बाई हॉल रिकामा करून देतो असं सांगायला आमच्या घरी आल्या. बाबांनी त्यांना बसवलं.

"आमची सभा आता शेजारच्या गावातल्या लॉजमध्ये भरते. आम्ही दोघे बसने जातो. हा हॉल तुमच्याकडेच राहू दे, वाचनालय करा. काकांशी बोललोय, कागद करून देतो."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कपाटं खिडक्यांना लावू नका," ती म्हणाली, "मधे ठेवा." आणि मापं घ्यायला ती बाईंबरोबर लगेच निघालीसुद्धा.