माझ्यात आठ नाही

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी, म्हणजे १२३४५६७९. नीट बघा, माझ्यात आठ नाही. तो कुणाच्या हातून राहिलेला नाही, तो माझ्यात नाहीच. एकाला एक्याऐंशीने भागत बसलात, की दशांशचिन्हापुढे शून्याचं बोट धरून मी बाहेर पडते आणि पुन्हा पुन्हा पडतच राहते. हाच माझा जन्म. माझ्या अंकांची बेरीज सदतीस, आणि सदतीसनेच मला पुरता भाग जातो. आहे की नाही ऐट?

बेचाळीस साली काष्टीजवळच्या एका वाडीत विष्णुपंत गुरुजींनी मला शाळेच्या भिंतीवर गेरूने लिहिलं. "आवडता अंक सांगा," ते म्हणत. कुणी पाच म्हटलं, की पाच नवे पंचेचाळीसने मला गुणायला लावत, आणि पाटीवर नुसते पाचच पाच! पोरं टाळ्या पिटत. पुंजारामची मुक्ता नेहमी सात मागायची. तिचा माझ्यावर फार जीव होता.

बापाने तिला बजावलं होतं, "दिपोटीसायबानं शाबासकी दिली तर म्होरं शिक. न्हाई तर खुरपं घ्यायचं." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. "तुलाच उभी करतो," असा गुरुजींनी तिला शब्द दिला.

साहेब आले. भिंतीकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढेच आठ काय ते त्यांच्याजवळ! "मास्तर, आठ गाळलात? साधे अंक येत नाहीत?"

गुरुजींना सगळं ठाऊक होतं. पण बदलीची भीती वाटली. "चूक झाली, साहेब. घाईत राहिला."

घाईत! ज्यांनी मला लेकीसारखं मिरवलं, त्यांनीच असं म्हणावं? माझा तर विश्वासच बसेना.

मुक्ता उठली. "न्हाई गुरुजी, तुमीच सांगितलं हुतं, त्यात आठ न्हाईच. नवानं गुनून दावू का?"

"खाली बस!" गुरुजी ओरडले. मग साहेबांकडे वळून हसले. "मुलगी जरा मंद आहे, साहेब."

आणि सातानवाच्या मधे त्यांनी आठ कोंबला. एरवी मला नवाने गुणलं, की नऊच्या नऊ एक रांगेत उभे राहतात; आता त्या रांगेत एक शून्य घुसतं. दारात उभ्या पुंजारामने 'मंद' तेवढं ऐकलं आणि मुक्ताचा हात धरून तिला घरी नेलं.

साहेबांची गाडी वळली तसा गुरुजींनी तो आठ चाकूने खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "आवडता अंक?" पाच आला, तीन आला. सात कुणी मागितला नाही. गुरुजी बराच वेळ वाट बघत राहिले.

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण कुणी मला सुधारायला आला, तर आधी नवाने गुणून बघा. आणि खरं बोलायला कुणी मुक्ता उभी राहिली, तर तिला खाली बसवू नका.