फाटक्या टाचेचा राखाडी मोजा

मी एक जुना लोकरीचा मोजा आहे. रंगाने राखाडी, आणि टाचेला लिंबाएवढे भोक. मित्रांनो, मोज्याची कसली आली कहाणी, असे म्हणून नाक मुरडू नका. नाकाचा विषय पुढे येणारच आहे.

मला एका घड्याळजींच्या बायकोने विणले. जिने घडवले तिला मी आईच म्हणतो. तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी द्राक्षाचा वेल आहे. त्याच्या सावलीत बसून तिने चार दुपारींत आम्हा दोघा भावांना सुयांवरून उतरवले. मालकांनी पाय घातले आणि म्हणाले, "वा! पायांना सुटी लागल्यासारखं वाटतंय!" त्या एका कौतुकावर मी नऊ हिवाळे काढले. बुटातला अंधार, घाम, अंगठ्याचे नख, सारे मुकाट्याने सोसले. पायाला ऊब देणे हा माझा वसा होता, आणि तो मी एक दिवसही मोडला नाही.

मग एका वाऱ्याच्या दिवशी माझा भाऊ दोरीवरून उडाला, तो कायमचाच. बुटात वर आलेल्या खिळ्याने माझी टाच खाल्ली. माझी रवानगी जोडीदार हरवलेल्यांच्या पिशवीत झाली. तिथे आम्ही चौघे होतो. हिरवा तेवढा धडधाकट होता आणि ते दिवसातून दोनदा बोलून दाखवायचा.

तीन वर्षांनी पिशवी उघडली, ती वाइनमुळे.

मालकांना घरी काहीबाही करून बघण्याची हौस. त्यांचा जॅम सुरीला दाद देईना. त्यांच्या चीजच्या वासाने शेजारचे मांजर महिनाभर फिरकले नाही. यंदा त्यांनी मागच्या वेलाच्या द्राक्षांची वाइन केली. अख्खी एक बाटली! सहा महिने तिला तान्ह्या बाळासारखे जपले. आता त्यांची बहीण आणि त्यांचे मित्र नाकोबा जेवायला येणार होते. नाकोबा म्हणजे चौकातले औषधवाले. प्रत्येक घास आधी हुंगतात, म्हणून हे नाव. मालकांची रेवडी उडवण्याची एकही संधी त्यांनी आजवर सोडली नव्हती.

मालक आईला म्हणाले, "चार बाटल्या मोज्यांत घालून ठेवतो. कुठली कुणाची, कळता कामा नये. माझ्या वाइनला कुणी नावं ठेवली ना, तर रविवारी वेल मुळासकट काढतो आणि तिथे सायकलींना पत्र्याची शेड घालतो. झालं तेवढं हसं पुरे."

"अहो, वेलाने काय घोडं मारलंय तुमचं?"

"शब्द म्हणजे शब्द."

 वेलाच्या सावलीत आईच्या किती दुपारी विणल्या गेल्या आहेत, ते तिला माहीत आणि मला माहीत.

एक बाटली नाकोबांनी आधीच पाठवलेली, महागडी, सोनेरी अक्षरांची. एक मालकांच्या बहिणीची, एक दुकानातली, आणि एक घरची. घरचीला लेबल नव्हते, म्हणून मालकांनी ती मला दिली, आणि नाकोबांची धडधाकट हिरव्याला. माझ्या भोकातून दिसण्यासारखे काही नव्हते, आणि भोकाची खूण फक्त त्यांनाच ठाऊक.

पण बेल वाजली, मालक दाराकडे धावले, आणि आईची नजर माझ्यावर गेली. "सहा महिने जपलेली वाइन, आणि चारचौघांत हिच्या अंगावर फाटका मोजा?" तिने माझी आणि हिरव्याची अदलाबदल केली. घरची वाइन हिरव्यात गेली, मी नाकोबांच्या बाटलीवर चढलो. तेवढ्यात ओव्हनमधून करपल्याचा वास आला, आणि मालकांना सांगायचे राहूनच गेले.

टेबलावर भोपळ्याचे सूप, ताजा पाव, बटाट्याचे खरपूस काप आणि मशरूमचा रस्सा होता. माझे भोक नेमके नाकोबांच्या समोर आले. त्यांनी एक डोळा माझ्या टाचेवर ठेवला, दुसरा मिटला आणि घोट तोंडात खळखळवला.

"अहाहा! जुन्या लाकडाचा वास! उन्हातली टेकडी! ही मोठ्या घरची आहे, सांगून ठेवतो."

मालकांना बाजूने भोकाची फाटकी कड तेवढी दिसली. त्यांना वाटले, ही आपलीच! "खरंच? टेकडी?"

"टेकडीच. तीही पूर्वेकडची."

मागच्या दारी टेकडी सोडा, उंबरठ्याएवढाही चढ नव्हता, पण आनंदात एवढे कोण बघतो? त्या भरात मालकांनी हिरवा पुढे ओढला. "आणि ही बघ. हिला वाइन म्हणतात? बूट धुतलेलं पाणी!"

आईच्या हातातला चमचा सूपमध्ये बुडाला. तिने टेबलाखालून मालकांना पाय मारला, तो लागला नणंदेला. ती दातांची डॉक्टर, बोलायला सरळ.

"वहिनी, पाय का मारतेस गं?"

"मुंगी होती."

"माझ्या नडगीवर?"

"बरोबर बोललास," नाकोबा मालकांना म्हणाले, "ही अगदीच पोरकट." आणि बटाट्याचा काप तोंडात टाकून त्यांनी हिरव्यातलीच ओतून घेतली. मालकांनीही घास उतरायला पुन्हा पुन्हा तिचीच मदत घेतली.

जेवण झाले. मालक ऐटीत उभे राहिले. "मित्रा, तू जिला मोठ्या घरची म्हणालास ना, ती..." म्हणत त्यांनी मला झटक्यात ओढले. आतून सोनेरी अक्षरे निघाली. घाईघाईने हिरवा उतरवला. आत साधी, बिनलेबलाची बाटली.

मालक मटकन बसले. "म्हणजे माझ्या वाइनला मीच... जाऊ दे. रविवारी शेड घालतो."

 आईने खिडकीतून वेलाकडे पाहिले. माझी उरलीसुरली लोकर शहारली.

तेव्हा बहिणीने बिनलेबलाची बाटली उचलून उलटी धरली. थेंबही पडला नाही. बाकीच्या तिन्ही अर्ध्याहून अधिक भरलेल्या. "दादा, नावं ठेवता ठेवता दोघांनी हिचा फडशा पाडलात की! आणि नाकोबा, ती सोनेरी अक्षरं मोज्याच्या टाचेतून मलाही दिसत होती हं."

नाकोबांचे नाक टोमॅटोसारखे झाले. त्यांनी आपला रिकामा ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला. मग हळूच म्हणाले, "वेलाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे. पुढच्या वर्षी किती बाटल्या होतील?"

मालकांनी आईकडे बघितले. "तूच सांग बाई."

"चार," आई म्हणाली. "आणि मोजे मी निवडणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मला घेऊन वेलाखाली बसली आणि सुईत राखाडी लोकर ओवली. मालक दारातून म्हणाले, "राहू दे ना ते भोक. नाकोबाला वाचायला लागतं." आईने हसू दाबून टाका ओढला. आता माझी टाच भरली आहे. पुढच्या वर्षी नाकोबांना जिभेवरच भागवावे लागेल.

मित्रांनो, मोजा फाटला तर फेकू नका, वेळेवर रफू करा. अंगठ्याची नखे कापा, ही माझी खासगी विनंती. आणि कुणी कष्टाने केलेल्या गोष्टीला नावे ठेवावीशी वाटलीच, तर आधी आपला ग्लास किती वेळा रिकामा झाला, तेवढे बघा.