सगळ्या वायरी काळ्या

गॅरेजात त्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सासरे 'जावईबापू' म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही 'जावईबापू' म्हणत. खाणीवरचा मुकादम त्यांच्या वडिलांच्या वयाचा, पण ऐन जेवणाच्या वेळी तोही फोनवर ओरडे, "जावईबापू, रेडा बसला हो!" की जावईबापू हातातला घास ताटात ठेवून उठले.

रेडा म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची गाडी. कंपनीच्या कागदावर तिला एटीव्ही म्हणतात. पण चिखल, दगड, ओढा, काहीही पुढ्यात आलं तरी मान खाली घालून घुसणाऱ्या गाडीला रेडा नाही म्हणायचं तर काय? मागं सामानाचा हौदा आणि पुढं दोघांना शेजारी बसायला जागा असलेली थोरली गाडी, ती म्हैस. सासरे जुने रेडे आणि म्हशी विकत घेत, जावईबापू त्यांना माणसात आणत, आणि सासरे त्या पुन्हा विकत.

विकण्यात सासऱ्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळबागवाला यायचा, आधी टायरला लाथ मारायचा, मग सीटवर बसून आरशात स्वतःचे केस बघायचा, आणि इंजिनाची आठवण त्याला सगळ्यात शेवटी व्हायची. अशा गिऱ्हाइकाला सासरे सगळ्यात आधी आरसा पुसून देत. मात्र एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. शेडच्या मागं विटांच्या तुकड्यांचा आणि मातीचा एक उभा ढीग होता. विकलेली असो की दुरुस्त केलेली, ढिगावरून चढून उतरल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर जात नसे. चालवायचं गिऱ्हाइकानं आणि सोबत बसायचं सासऱ्यांनी. "गाडी पडली तर तुमच्याबरोबर मीही पडेन. याहून वेगळी गॅरंटी काय हवी?"

तर अशा सासऱ्यांकडं जावईबापू घरजावई म्हणून आले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासरे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, मिस्त्री म्हणजे टायर. झिजला की बदलायचा, त्यात रडायचं काय!" विषय नुकत्याच काढून टाकलेल्या मिस्त्रीचा होता. पण घरजावयाचे कान जरा लांबच असतात. जावईबापू त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी काळ्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं आणलं. दुकानात दुसरा रंगच नव्हता म्हणाले. त्यानंतर जी गाडी हाताखाली आली, तिच्या मूळच्या रंगीत वायरी उपटून त्यांनी काळ्या भरल्या. हेडलाइटची काळी, हॉर्नची काळी, स्टार्टरचीही काळी. कुठली कुठं जाते ते फक्त त्यांच्या डोक्यात. होता होता साऱ्या परिसरातले रेडे आणि म्हशी आतून काळ्या झाल्या, आणि जावईबापूंना काढून टाकायची कुणाची छाती राहिली नाही. हिशेब चोख होता. एकच बेरीज राहून गेली होती. ज्याला कुणी काढू शकत नाही, त्याला निघताही येत नाही.

हे त्यांना कळलं ते रेडे बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा. कंपनीच्या चाचणीच्या माळावर नव्या गाड्या पिटाळायच्या, त्यांच्या खोडी शोधायच्या, आणि वर राहायला घर. एक तारखेला हजर व्हायचं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, तिथल्या स्वयंपाकघराला दार आहे का?"

इथल्याला नव्हतं. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर फळीवरचे कप एकमेकांवर आपटायचे. चादरी कितीही धुतल्या तरी ग्रीसचा वास जायचा नाही. मध्ये प्लायवूडचा पडदा आणि पलीकडं सासऱ्यांचा खोकला. नवराबायकोला भांडायचं असलं तर ते पाण्याच्या टाकीजवळ जाऊन भांडून येत.

सासऱ्यांनी विरोध केला नाही. विरोध केला असता तर बरं झालं असतं.

"जा की! मी काय दोरीनं बांधलंय?" ते म्हणाले. "फक्त तुमच्यामागं एक माणूस द्या मला, जावईबापू. एक बंद गाडी त्यानं माझ्यासमोर चालू करायची, तुमची मदत न घेता. ढिगावरून उतरलो की तुम्ही मोकळे. मीच सामान चढवायला येतो."

बोलताना ते लेकीकडं बघत नव्हते. तिनं खोकी गोळा करायला सुरुवात केली त्या दिवसापासून त्यांचा खोकला वाढला होता.

माणसं आली. सीट उचलत, आत बघत आणि सीट परत ठेवत. एकजण म्हणाला, "हे वायरिंग आहे की केसांचा गुंता?" दुसरा फोन घ्यायला म्हणून फाटकाबाहेर गेला तो आलाच नाही. त्याचा पाना अजून खिळ्याला टांगलेला आहे.

महिना संपत आला तेव्हा फौजी आला. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, मिशा कातरलेल्या, बोलणं मोजकं. सासऱ्यांनी त्याच्यापुढं घरचा लाल रेडा ढकलत आणला. जावईबापूंनी काळ्या वायरींनी भरलेली ही पहिली गाडी. दोन दिवसांपासून बटण दाबलं तरी तिचं इंजिन फिरत नव्हतं.

का फिरत नव्हतं ते जावईबापूंना सीट न उचलताच माहीत होतं. गाडी न्यूट्रलला आहे असं कळल्याशिवाय रेडा सुरू होत नाही, आणि ते कळवणारी वायर त्यांनीच त्या वेळी आखूड कापली होती. ती बॅटरीच्या पेटीमागं लोखंडावर ताणली गेली होती. वरून धडधाकट, आतून तुटलेली.

"फौजी, यांना काही विचारायचं नाही," सासऱ्यांनी बजावलं. "आणि जावईबापू, तुम्ही तोंडावर बोट."

"मी कशाला बोलतोय मामा? मला जायचंय!"

फौजीनं सीट उचलली. आत पाहिलं. हसला नाही. वर जिन्यात उभ्या असलेल्या जावईबापूंच्या बायकोला म्हणाला, "ताई, जुन्या कपड्यांच्या चिंध्या आहेत का? वेगवेगळ्या रंगांच्या."

ती वर गेली. बांधून ठेवलेलं एक खोकं पुन्हा सोडल्याचा आवाज आला. हिरवी ओढणी, पिवळा परकर, निळ्या पडद्याचा तुकडा, सगळं टराटरा फाडून तिनं खाली आणून दिलं.

फौजी टेस्ट लॅम्प घेऊन बसला. एक वायर धरायची, टोकापासून टोकापर्यंत जायचं, दिवा लागतो का बघायचं, चिंधी बांधायची. हेडलाइट निळा. हॉर्न पिवळा. पुन्हा दुसरी वायर. सासरे स्टुलावर बसून आधी गालात हसत होते. मग हसणं थांबलं. मग ते उगाच चष्मा पुसायला लागले.

जावईबापू भिंतीला टेकून उभे होते. आनंद व्हायला हवा होता. पण एकेक चिंधी बांधली जात होती तसे ते भिंत सोडून एकेक पाऊल पुढं सरकत होते. इतकी वर्षं जे फक्त त्यांच्या डोक्यात होतं, ते हा परका माणूस न विचारता, न घाम गाळता, ओढणीच्या तुकड्यांनी वाचून काढत होता. म्हणजे ते इतकं सोपं होतं? मग गिऱ्हाइकं एवढी वर्षं 'जावईबापू, तुमच्याशिवाय कोण?' म्हणत होती, ते कशाच्या जोरावर?

फौजीचा हात बॅटरीच्या पेटीपाशी आला. मागं दोनच वायरी उरल्या होत्या. त्यानं पहिली उचलली. चुकीची. तो ती शांतपणे तपासत राहिला. दिवा लागला. तो चिंधी शोधू लागला.

"अहो," जिन्यातून बायको हळूच म्हणाली, "इकडं या तुम्ही. वर या."

जावईबापूंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पाठीमागं धरले. फौजीनं चिंधीला गाठ मारली, सुटली, पुन्हा मारली.

"अरे ही!" जावईबापू पुढं झेपावले आणि दुसरी वायर त्यांनी चिमटीत धरून ओढली. "ही बघ, इथं! आतून तुटली आहे. मीच आखूड कापली होती!"

त्यांनी दोन्ही टोकं दातांनी सोलून जोडली आणि बटण दाबलं. रेडा गुरगुरून उठला. शेडचे पत्रे थरथरले.

तेवढा एक क्षण त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी वर पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

सासरे स्टुलावरून उठले. आवाज अगदी मऊ होता. "वा, जावईबापू. तुमच्याशिवाय कोण?"

"मामा, त्याला सापडलीच होती! एकच उरली होती!"

"पण सापडली कुणाला?"

फौजीनं हात पुसले, दिवा पिशवीत घातला. "पुढची तीच होती," तो जावईबापूंना म्हणाला, रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग फाटकापाशी थांबून त्यानं विचारलं, "त्या कंपनीचा फोन नंबर देता का? तुम्ही जाणार नसाल तर."

सासऱ्यांनी नंबर स्वतः दिला, अगदी आनंदानं. मग ते रेड्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. रिवाज तो रिवाज. जावईबापूंनी रेडा ढिगावर घातला. वर चढल्यावर फाटकाबाहेरचा रस्ता दूरपर्यंत दिसला. मग चाकं खाली झाली आणि पुढ्यात पुन्हा शेड आली.

सासरे खोकत, पण हलक्या पावलांनी आत गेले. जावईबापूंनी सीट उचलली. आत सगळ्या चिंध्या सणासारख्या लटकत होत्या. ते खाली बसून पहिली गाठ सोडू लागले.

"काय करताय?"

बायको मागं उभी होती. हातात फाडून उरलेला ओढणीचा काठ.

"काही नाही. इंजिनाच्या उष्णतेनं पेटतील."

"बांधलेल्या राहू द्या त्या. उद्या दुसरा कुणी आला तर त्याला कामाला येतील."

"हो, हो. राहू देतो."

ती वर गेली. फळीवरचे कप वाजले. जावईबापूंनी सीट लावून टाकण्यासाठी हात उचलला, तेव्हा त्यांना दिसलं, हिरवी चिंधी त्यांच्या मुठीत होती. आणि ती कुठल्या वायरीची हे पाठ असूनही, परत न बांधता त्यांनी ती खिशात घातली.