अकाच्या हातचा सोल्डर

सोबिरने ती पेटी आठ महिने खपून बनवली होती. मार्गीलानच्या बाजारात गिटारचा आवाज बदलणारं तयार पेडल मिळत नव्हतं, आणि मॉस्कोहून कुणी आणलंच तर किंमत ऐकून माणूस गिटार सोडून टरबुजं विकायला बसला असता. म्हणून त्याने रेडिओच्या मासिकातून सर्किटचा नकाशा उतरवला, मोडक्या रेडिओंतून ट्रान्झिस्टर उपसले आणि दुधाच्या कॅनचा पत्रा कापून पेटी ठोकली. तिच्यात तीन इफेक्ट होते. एक खरखरणारा, एक थरथरणारा आणि एक पायाने दाबला की लहान पोरासारखा रडणारा.

तिन्ही चालत होते, पण आवाज बारीक. गिटारची वायर सरळ ॲम्प्लिफायरला जोडली तर खिडक्या वाजायच्या. मध्ये पेटी आली की नुसतं कण्हणं.

पेटी बाजूला ठेवून सरळ वाजवायला काय हरकत होती? हरकत होती कुद्रतची. सोबिर रेशीम गिरणीच्या सांस्कृतिक भवनाच्या ताफ्यात गिटार वाजवायचा. हा ताफा लग्नांत वाजवायचा, आणि त्याचा म्होरक्या आणि गायक होता सोबिरचा थोरला भाऊ, म्हणजे त्याचा अका, कुद्रत. तो गायला लागला की स्वयंपाकी पुलावाची कढई सोडून दारात येऊन उभे राहत. "आठ महिने घरभर राळेचा धूर केलास ना?" तो सगळ्यांदेखत म्हणायचा. "मग आता तीच वाजव. तुझा तो डास नीट गुणगुणायला लागला की शरदातल्या लग्नांत तुला एक अख्खा सोलो देतो. तोवर बस मागे."

वादक हसायचे. सोबिर मान खाली घालून बसायचा. त्याचं मागणं फार मोठं नव्हतं. अंगणभर बसलेल्या पाहुण्यांनी एकदा तरी कुद्रतवरून नजर काढून त्याच्याकडे बघावं, एवढंच. त्या एका सोलोवर त्याचा सगळा जीव अडकला होता.

उन्हाळाभर तो बिघाड शोधत राहिला. बॅटरी बदलली, वायर बदलली, ट्रान्झिस्टर तीनदा बदलले. जुन्या टेलिफोनचा कानाचा भाग काढून त्याला कपॅसिटर आणि सुई जोडली. सुई जिथे टेकवावी तिथला आवाज कानात यायचा. गिटारच्या टोकाकडून निघून तो एकेक इफेक्ट ओलांडत पुढे जायचा. तिसऱ्या इफेक्टनंतरही आवाज खणखणीत. मग तो डोकं खाजवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

एका शुक्रवारी दुपारी ढोलकवाला राविल अंगणातल्या तुतीखाली चहा पीत त्याचा हा उद्योग बघत होता. हा तातार माणूस, तोंडाने फटकळ.

"सुई इथेच का थांबवतोस? पुढे वीतभर वायर आहे, बाहेर जाणारं सॉकेट आहे."

"ते अकाने केलंय."

"मग? अकाच्या सोल्डरला काय नमाज पढायचा असतो?"

सोबिरला हे बोलणं आवडलं नाही. त्यांच्या घरात नवी वस्तू झाली, मग दार असो की पाळणा, की शेवटचा खिळा घरातल्या थोरल्याने ठोकायचा. बाप गेल्यापासून ते काम कुद्रतकडे आलं होतं. पेटी झाली तेव्हाही सोबिरने गरम सोल्डरिंग आयर्न दोन्ही हातांनी पुढे केलं होतं. "जा, चहा टाक," कुद्रत म्हणाला होता. चहा घेऊन येईपर्यंत सॉकेट बसलं होतं, वर काळी टेप गुंडाळली होती आणि कुद्रतने पेटीवर हात ठेवून बरकत मागितली होती. एवढं झाल्यावर तिथे सुई लावायची म्हणजे थोरल्याच्या दुवेवर संशय घ्यायचा. चार महिने त्याच्या मनात ते आलंच नव्हतं.

राविल खिजवत होता म्हणून त्याने सुई सॉकेटला टेकवली. आवाज एकदम पडला. त्याने ब्लेडने टेप कापली. आत, तारेपासून पत्र्यापर्यंत, एक इवलासा रेझिस्टर आडवा लावलेला होता. सगळा आवाज तिथून पत्र्यात मुरत होता.

"हा नकाशात आहे का रे?" राविलने विचारलं.

"नाही." मग सोबिरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत होतं. चार महिने तुझी माती होताना बघून मलाच वीट आला. तू तालाच्या मागे असतोस, सोबिर. नेहमीच. आईने कुद्रतला शपथ घातली आहे, धाकट्याला सोडायचं नाही म्हणून. मग त्याने काय करायचं? तुला ठेवलं आणि तुझा आवाज काढून घेतला."

सोबिरच्या अंगाची लाही झाली. तालाचं त्याने कानाआडच टाकलं, कारण ते त्याला खोटं वाटलं. डोळ्यांपुढे एकच गोष्ट नाचत होती. ज्याने हा रेझिस्टर लावला, तोच रोज चारचौघांत त्याला डास म्हणत होता. इतका द्वेष त्याने आयुष्यात कुणाचा केला नव्हता.

"कुणाला बोलू नकोस," तो राविलला म्हणाला. रेझिस्टर जिथल्या तिथे ठेवून त्याने टेप पुन्हा होती तशी गुंडाळली.

ताफ्याची सगळी दुरुस्ती सोबिरच करायचा. सोमवारी त्याने भवनातला मोठा ॲम्प्लिफायर उघडला आणि कुद्रतचा माइक जिथे आत शिरतो, त्याच्याही पुढे, खोल पोटात, तसाच एक रेझिस्टर बसवला. काम इतकं सफाईदार की कारखान्यातून तसंच आलंय असं वाटावं.

शरद आला. रोज लग्न, कधी पहाटेचा पुलाव आणि संध्याकाळची मेजवानी, दोन्ही. कुद्रत गायला लागला की पुढच्या दोन रांगांपलीकडे काही पोचेना. आवाजाचं बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं. तो जोर लावायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. आठवड्याभरात त्याचा घसा बसला. गरम दूध झालं, मेंढीची चरबी झाली, काही उपयोग नाही.

"बघ रे जरा," तो सोबिरला म्हणाला. "माइकमध्ये काहीतरी आहे."

सोबिरने सगळं उघडलं, सुई लावली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "लाइन ठीक आहे, अका."

दुसऱ्या दिवशी सोबिर भवनात शिरला तेव्हा कुद्रत एकटाच खाली बसून माइकचं सॉकेट उघडत होता. तारेपासून पत्र्यापर्यंत, अगदी तीच जागा तो बोटाने चाचपून बघत होता. तिथे काही नव्हतं. सोबिर दारात उभा राहून पाहत राहिला आणि त्याला आनंद झाला, खराखुरा, पोटातून आलेला.

कुद्रतला चाहूल लागली. त्याचा चेहरा उतरला.

"ये, बस. मी तुझ्यावर संशय घेतला रे. माफ कर मला."

"कसला संशय?"

"जाऊ दे."

"नाही, सांगा ना अका. कसला?"

मग कुद्रतने सगळं सांगितलं, घोगऱ्या आवाजात, अडखळत. टेप, रेझिस्टर, आईची शपथ. "तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. आणि वर चेष्टा करायचो, म्हणजे तुला कळू नये. आज वाटलं, तू त्याचं उट्टं काढलंस. आणि इथे तर काहीच नाही. मी किती हलका माणूस आहे बघ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ॲम्प्लिफायर हाताच्या अंतरावर होता, पाच मिनिटांचं काम होतं. सोबिरच्या ओठांवर आलंही. पण समोर बसलेला हा थोरला भाऊ पहिल्यांदाच त्याच्यापुढे एवढा लहान झाला होता, आणि ते त्याला इतक्या लवकर संपवायचं नव्हतं.

"झालं ते झालं, अका," तो म्हणाला. "लाइन ठीक आहे. आवाज तुमचाच बसलाय. आणखी जोर लावा."

कुद्रतने जोर लावला. नऊ दिवसांनी एका लग्नात, वरच्या सुरावर, त्याचा आवाज फाटला. त्याने रुमाल तोंडाला लावला तर तो लाल झाला. फरगण्याच्या डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, गाणं कायमचं बंद. पुन्हा गायलात तर बोलणंही जाईल.

गिरणीने अंदिजानहून नवा गायक आणला. सुल्तोनबेक त्याचं नाव, दोन सोन्याचे दात, वयाने सोबिरएवढाच. तो यायच्या आदल्या दिवशी सोबिरने दोन्ही रेझिस्टर काढून टाकले, ॲम्प्लिफायरमधलाही आणि पेटीतलाही. आता अडवणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच लग्नात पेटी गरजली. खरखरणारा इफेक्ट अंगणाच्या भिंतींवर आदळला. पाचशे पाहुण्यांनी माना वळवून सोबिरकडे पाहिलं, अगदी त्याला हवं होतं तसं. मग एकेकाच्या कपाळावर आठी दिसू लागली. नाचणाऱ्यांची पावलं चुकली. राविल ढोलकवर एकटाच ताल ओढत होता आणि सोबिर त्याच्यामागून, प्रत्येक मात्रेला अर्धं पाऊल उशिरा, सगळ्यांना स्पष्ट ऐकू येईल असा येत होता. आज पहिल्यांदाच ते त्यालाही ऐकू आलं.

सुल्तोनबेकने गाणं मध्येच थांबवलं.

"हा कोण रे?" माइकमधूनच विचारलं त्याने. "ह्याला कुणी ठेवलाय?"

"कुद्रत अकांचा भाऊ," राविल म्हणाला.

"मग कुद्रतच्या घरी पाठवा." अंगण हसलं. सुल्तोनबेकने स्वतः खाली वाकून पेटीची वायर उपटली आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. त्याच्या आवाजावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोबिर पेटी काखेत मारून घरी आला. कुद्रत ओसरीवर गळ्याला फडकं गुंडाळून बसला होता. आईने त्याच्यापुढे पातळ शोरव्याची वाटी ठेवली होती. कुद्रतने सोबिरला हाताने जवळ बोलावलं. आता तो नुसता कुजबुजायचा. ऐकायला सोबिरला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"नवा गायक भला माणूस दिसतो का? तुला वाजवू देतो ना?" कुद्रतने विचारलं. "आज ऐकू आलास का रे लोकांना?"

"आलो, अका," सोबिर म्हणाला. "सगळ्यांना ऐकू आलो."

कुद्रतचा चेहरा उजळला. त्याने सोबिरच्या पाठीवर हात ठेवला आणि ओठ हलवत, आवाज न करता, त्याच्यासाठी बरकत मागितली.