काय गाळलंस?

मित्रांनो, कॉलेजच्या भाषा विभागात मॅडमच्या टेबलाला खेटून जे धूड बसलंय ना, तो मी, प्रिंटर. नवा होतो तेव्हा मला मऊ फडक्याने पुसत. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. त्याचं काही नाही. मला वैताग आणला तो उचलेगिरीने. तेच ते निबंध, फक्त वरचं नाव वेगळं! एकाने तर मूळ लेखकाने बायकोचे मानलेले आभारही तसेच छापून घेतले. त्या पोराचं लग्न व्हायचं होतं अजून.

शेवटी मॅडमनी आयता कुठे मिळणार नाही असा विषय दिला: घरातल्या एका माणसाचं काम. मला वाटलं, सुटलो. कसचं काय! तपासणाऱ्या संगणकाने दोन निबंध शब्दाला शब्द जुळल्याचं दाखवलं. एकात लिफ्ट दुरुस्त करणारे बाबा, दुसऱ्यात काका. कुणी कुणाचा उचलला, ते मात्र त्याला सांगता येईना.

बाबांचा निबंध एका अबोल मुलीचा. तिने तो विश्वासाने मित्राला वाचायला दिला होता. त्या मित्राला सगळे 'वकील' म्हणत. मॅडमनी बोलावल्यावर वकिलाने घडाघडा सांगितलं, की निबंध त्याचाच, उतरवला तिने. मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. दोषी ठरली असती तर तिचं वर्ष गेलं असतं. दोन्ही निबंध माझ्याच पोटातून गेलेले, आणि मला वाचा नाही! मी नुसता घरघरलो.

मॅडमनी दोघांना एकच विचारलं, "लिहिताना काय गाळलंस?"

"काहीच नाही, मॅडम. सगळं लिहिलंय," वकील म्हणाला.

मुलगी खाली बघत बोलली, "लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या होत्या. बाबा काम करता करता बाहेरून त्यांच्याशी हसून गप्पा मारत राहिले. घरी आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. जेवलेच नाहीत. ते लिहावंसं नाही वाटलं."

वकिलाने मॅडमपुढचा आपला निबंध उलटा केला. मग पुटपुटला, "तिचाच आहे."

मॅडमनी त्याला शून्य दिलं आणि समोर बसून नवा निबंध लिहायला लावला. त्याने आई निवडली. पण ती ऑफिसात नेमकं काय करते, हे विचारायला त्याला आधी तिलाच फोन करावा लागला. आई बोलतच राहिली. तो ऐकत राहिला.

मित्रांनो, माझे फार दिवस उरले नाहीत. राहिलेली शाई तरी तुमच्या स्वतःच्या वाक्यांवर संपू द्या. मोडकीतोडकी असली तरी मी ती आनंदाने छापीन.