गरम पाण्यातली बोरमाळ

शेळगावात कुणाचे पैंजण काळे पडले की बाया माझ्याकडे यायच्या. चांदी रांगोळीनं घासायची, सोनं रिठ्याच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं हलकं चोळायचं, मलमलीनं टिपून कापसात ठेवायचं. हे सगळं मला माझ्या सासूनं, बनाबाईंनी शिकवलं. दुसऱ्यांचं सोनं चमकवण्यात माझी दहा वर्षं गेली, पण जीव एकाच दागिन्यावर होता. सासूबाईंची बोरमाळ. दर गौरीला ती मीच पुसायचे आणि मनात म्हणायचे, थोरली सून मी, उद्या ही माझ्याच गळ्यात येणार.

ही माळ मात्र कोरड्या फडक्यानंच पुसायची. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "हिला गरम पानी दावायचं न्हाय. बोरं आतनं पोकळ, लाख भरल्याली. लाख वितळली का बोरं बसली."

त्र्याण्णव साली माझा धाकटा दीर रणजित बारामतीची स्वरूपा करून आला. कॉलेज शिकलेली, बोलायला गोड. महिन्याभरात सासूबाई तिला 'बाळ' म्हणायला लागल्या. मला दहा वर्षांत 'अगं ए'च्या पुढे बढती नव्हती.

पुढच्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी दागिन्यांचा डबा काढला आणि माझ्यादेखत तिच्यापुढे ठेवला.

"बाळ, यंदा दागिनं तू उजळ. शालन दावंल तुला. आन् गौरी गेल्या की ही बोरमाळ तुज्या गळ्यात घालायची हाय. शालनला लग्नात माज्या पाटल्या घातल्या, आता तुजी पाळी."

पाटल्यांचं खरं होतं, पण खरं ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटल्यांचं काय, भाकरी थापताना काढून फडताळात ठेवायच्या. बोरमाळ चारचौघींत दिसते! आणि वर ती उजळायला मीच शिकवायचं.

सासूबाई देवळात गेल्या. परसातल्या चुलीवर रिठ्याचं पाणी उकळत होतं. मी शेजारी बसून गौरीसाठी वाती वळत होते. स्वरूपानं माझ्या पाटल्या त्या पाण्यात बुडवल्या, घासल्या, लखलखीत केल्या. जळल्या मेल्या, इतक्या छान माझ्या हातून कधी झाल्या नव्हत्या. मग तिनं बोरमाळ हातात घेतली.

"आक्का, हीपण ह्याच पाण्यात टाकू ना?"

मी खाली मान घालून वात वळत राहिले. 'नको' एवढाच शब्द बोलायचा होता. माझ्या मनात आलं, टाक. तुझ्याही गळ्यात नको आणि माझ्याही नको.

माझं गप्प राहणं तिनं होकार धरला. माळ पाण्यात गेली. थोड्या वेळानं पाण्यावर तांबूस तवंग आला. तिनं घाबरून माळ वर काढली, तर छिद्रांतून लाख गळत होती. तिनं ती हातानं दाबून पुसायला घेतली आणि बोटांखाली बोरं एकेक करून चेपली. ती रडायला लागली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

सासूबाईंची चाहूल लागली तशी मी उठून घराच्या दारात जाऊन उभी राहिले. सासूबाई आल्या. चेपलेली माळ त्यांनी हातात घेतली.

"गरम पान्यात घातली व्हय गं? शालन कुठं हुती?"

"आक्का घरात होत्या, आत्याबाई," स्वरूपा पटकन म्हणाली. "मी विचारलंच नाही कुणाला. माझंच चुकलं."

सासूबाईंनी चुलीकडे पाहिलं. तिथं, माझ्या पाटापाशी, सूप पडलेलं होतं आणि सुपात दोनशे वाती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गौरींना ती चेपलेली माळच घातली. तिसऱ्या दिवशी गौरी बोळवल्यावर सासूबाईंनी ती काढली आणि गावातल्या बायांसमोर माझ्या गळ्यात घातली. घालताना माझ्या कानाशी म्हणाल्या,

"तुला पायजे हुती न्हवं? घे. पर सोनाराकडं न्यायची न्हाय. आशीच घालायची."

बायांना वाटलं, थोरलीचा मान झाला. मी सासूबाईंच्या पाया पडले, तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

तेव्हापासून चार वर्षं झाली. हळदीकुंकवाला, बारशाला, बारामतीच्या लग्नांना मी ती माळ घालते. न घालून चालत नाही, सासूबाईंची नजर गळ्यावरच असते. कुणीतरी हमखास विचारतं, "अगंबाई, बोरं कशानं बसली ही?" मी पदर ओढून घेते. आणि दर वेळी, मी तोंड उघडायच्या आत, मोकळ्या गळ्यानं शेजारी बसलेली स्वरूपा हसून सांगते, "माझ्या हातून झालं ते. गरम पाण्यात टाकली होती मी."

परवा सांगवीला एका बारशात तिनं हेच पुन्हा सांगितलं. मी म्हणणार होते, 'नाही, मी तिथंच होते.' शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोरची बाई म्हणाली, "थोरलीचं मन मोठं हो, तरी घालती!" आणि मी तेवढंही ऐकून घेतलं.